छाट आणि मानधन

कुंभारीच्या घरकुलात सकाळी शिरलं की दारोदारी एकच चित्र दिसतं. उंबऱ्याशी पाय पसरून बसलेली बाई, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. बोटं आपल्या चालीनं चाललेली, नजर गल्लीवर. शेजारच्या अक्काशी बोलणं तेलुगूतून, नातवाला रागावणं मराठीतून. माल वेळेवर कारखान्यात पोचवायचा असतो, आणि तिथे तपासणारा माणूस त्यातल्या किती विड्या बाजूला काढेल याचा नेम नसतो. बाजूला काढलेल्या मालाला ‘छाट’ म्हणतात. छाट निघाली की तेवढी मजुरी बुडाली. पानं खराब होती म्हणून निघाली, की हात थकला म्हणून, हे कुणी विचारत नाही.

दक्षिण सोलापूर तालुक्यातली ही १० हजार घरं कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या महिला विडी कामगारांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची. घराची किंमत ६० हजार रुपये. त्यातले २० हजार केंद्राचे, २० हजार राज्याचे आणि २० हजार तिचे स्वतःचे. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते किल्ल्या मिळाल्या. लढा कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांचा आणि लाल बावट्याचा. पण संस्था बायकांची, आणि घर बाईच्या नावावर. ज्या शहरात गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद पडत गेले आणि घरातला पुरुष बेकार झाला, तिथे या घरांना काय मोल आहे ते सोलापूरकराला सांगावं लागत नाही. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांची संख्या ६० ते ७० हजार सांगितली जाते. त्या दिवशी किल्ली घेणाऱ्या बाईला सरकारनं मदतीस पात्र मानलं ते ती गरीब आहे म्हणून, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती कामगार आहे म्हणून. घरात बसून काम करणारी असली, तरी कामगार.

हे आपोआप झालेलं नाही. विडी आणि सिगार कामगारांचा कायदा १९६६ चा. त्यानं घरी बसून विड्या वळणाऱ्या माणसालाही कामगार म्हटलं. मालकांनी त्याला आव्हान दिलं आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला. मग भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न आला. मालकांचं म्हणणं सरळ होतं : बाई तिच्या घरात, तिच्या वेळेनं काम करते, आम्ही तिच्यावर देखरेख ठेवत नाही, मग ती आमची नोकर कशी? १९८५ मध्ये पी. एम. पटेल अँड सन्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं याला जे उत्तर दिलं, ते मला आपल्या कामगार कायद्यातल्या सर्वांत सुंदर उत्तरांपैकी एक वाटतं. माल नाकारण्याचा हक्क मालकाकडे आहे ना? मग तो नाकारण्याचा हक्क हीच देखरेख, हेच नियंत्रण. ज्या छाटीनं बाईच्या पोटावर पाय येत होता, तीच छाट ती कामगार असल्याचा पुरावा ठरली. तिचा पीएफ कापला जाऊ लागला, त्याला मालकाच्या हिश्शाची जोड मिळाली.

महिलांच्या संस्था, सरकारी धोरण आणि समानतेचा कायदा यांच्याविषयी लिहायला बसल्यावर मी विडीपासून सुरुवात का केली, याचं कारण त्याच गल्लीत राहणारी दुसरी बाई आहे. हिच्या मांडीवर सूप नाही, हातात रजिस्टर आणि मोबाइल आहे. ती कधी अंगणवाडीची सेविका असते, कधी बचत गटाची सीआरपी, म्हणजे समुदाय संसाधन व्यक्ती, कधी पोषण आहार शिजवणाऱ्या गटाची अध्यक्ष, कधी एखाद्या महिला मंडळाची कार्यकर्ती. तिला जे मिळतं त्याला मजुरी म्हणत नाहीत, पगार म्हणत नाहीत. ‘मानधन’ म्हणतात.

हा शब्द आपल्याकडे आला तो व्याख्यात्याला, कीर्तनकाराला द्यायच्या पाकिटातून. ज्याचं मोल करता येत नाही अशा कामाबद्दल आदरानं पुढे केलेली रक्कम. शब्दात खोट नाही. पण महिन्याचे सगळे दिवस, ठरलेल्या वेळेला, वरून आलेल्या आदेशानं करायच्या कामाला तो चिकटवला की त्याचा अर्थ फिरतो. मान आधीच दिला आहे, आता धनाचा आग्रह धरू नका, असा तो होतो.

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या वर्षी २४ फेब्रुवारीला महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ, आपलं ‘माविम’, स्थापन झालं, आणि २ ऑक्टोबरला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. एकातून पुढे बचत गटांचं जाळं उभं राहिलं, दुसरीतून अंगणवाडी. अंगणवाडीची सेविका ‘मानसेवी’ ठरली. २००६ मध्ये कर्नाटकच्या अमीरबी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की या बायका सरकारी पदावर नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये गुजरातच्या मणिबेन भारिया प्रकरणात त्याच न्यायालयानं त्यांना ग्रॅच्युइटी लागू असल्याचं मान्य केलं. या दोन निकालांमध्ये सोळा वर्षं गेली. २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या आणि अंगणवाड्यांना महिनाभराहून अधिक काळ कुलपं राहिली, तेव्हा ‘मानसेवी’ या शब्दावर राज्याचा किती भार पडला आहे ते गावोगाव दिसलं.

पण सेविकेच्या मागे निदान युनियन आहे. संस्थेतली बाई त्याहून एकटी आहे.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा बघा. त्याची मुळं राजस्थानातल्या भंवरीदेवीवरच्या अत्याचाराच्या प्रकरणानंतर महिला संघटनांनी लढवलेल्या विशाखा खटल्यात, १९९७ च्या निकालात आहेत. कायद्यानं या संघटनांना मानाची जागा दिली. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेच्या अंतर्गत समितीवर स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या विषयाची जाणकार अशी एक बाहेरची सदस्य हवी. जिथे दहापेक्षा कमी माणसं, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध, तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती. तिच्या अध्यक्षपदी सामाजिक कामातली नामवंत स्त्री, आणि दोन सदस्य संस्थांमधून आलेले. सोलापूरच्या दृष्टीनं ही स्थानिक समितीच खरी महत्त्वाची. कारण इथलं काम विखुरलेलं आहे : चार मागांचा कारखाना, गणवेश शिवणारं छोटं युनिट, घरकाम, वीटभट्टी, ऊसतोड. यांतल्या बाईला दुसरं दार नाही.

या समितीला साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. चौकशी ९० दिवसांत संपवायची आहे. आणि २०१३ च्या नियमांत सदस्याच्या दिवसाचं मोल लिहिलेलं आहे : २०० रुपये आणि प्रवासखर्च. स्थानिक समितीच्या अध्यक्षांना २५०. करमाळ्याहून सोलापूरला यायचं म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर. सकाळची एसटी धरायची, जबाब ऐकायचे, दोन्ही बाजूंचे कागद वाचायचे, रात्री घरी पोचायचं, आणि मग अहवालाची भाषा अशी लिहायची की उद्या तो उच्च न्यायालयात टिकला पाहिजे. वकिलाची फी, लेखनिकाचा पगार, सगळ्यांचा हिशेब राज्याला समजतो. या बाईच्या दिवसाचा हिशेब करताना मात्र तिच्या निष्ठेवर भिस्त ठेवली जाते.

गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात, ऑरेलियानो फर्नांडिस खटल्यात, मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या कायद्याच्या अंमलबजावणीतल्या गंभीर उणिवांवर बोट ठेवलं. समित्याच नीट स्थापन झालेल्या नाहीत, हे न्यायालयाला दशकभरानंतर सांगावं लागलं. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा आदेश निघाले : जिल्हा अधिकारी नेमा, स्थानिक समित्या नेमा, तालुक्याला नोडल अधिकारी द्या. मला वाटतं, समित्या कागदावर राहण्यामागे अनास्था तर आहेच, पण त्यात बसणाऱ्या बाईच्या वेळेला किंमत न देणं हेही एक कारण आहे. नोकरी किंवा शेती सांभाळणारी बाई असे किती दिवस देईल?

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा तर आणखी पुढे गेला. त्याच्या कलम १० नुसार नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था ‘सेवा पुरवठादार’ होऊ शकते. ती घरगुती घटनेचा अहवाल नोंदवू शकते, बाईला दवाखान्यात नेऊ शकते, निवाऱ्याची सोय बघू शकते. कलम ३० म्हणतं, की हे काम करताना संस्थेचे सदस्य ‘लोकसेवक’ समजले जातील. लोकसेवक! जबाबदारी तीच, अडवणूक झाली तर संरक्षण तेच. फक्त लोकसेवकाला महिन्याच्या महिन्याला मिळतं ते या लोकसेवकाला नाही. संरक्षण अधिकाऱ्यांची अवस्था अशी, की मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर त्यांच्या नेमणुका करा असं बजावावं लागलं. अधिकारी जिथे कमी, तिथे तो भार अर्थातच संस्थेतल्या ताईंवर येतो. मध्यरात्री फोन त्यांनाच येतो.

राज्यानं संस्थांकडे असं वळणं नवं नाही, आणि पूर्वी त्यात काही वाईटही नव्हतं. पंढरपूरला लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ मध्ये बालकाश्रम काढला, तेव्हा टाकलेल्या अर्भकांसाठी आणि फसवल्या गेलेल्या विधवांसाठी सरकारकडे काही योजना नव्हती. प्रार्थना समाजानं तो चालवला. रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांनी १९०९ मध्ये पुण्यात उभं केलेलं सेवासदन सोलापुरातही आलं आणि इथल्या मुलींच्या पिढ्या त्यात शिकल्या. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ झालं ते याच विचारानं, की संस्था पुढे चालतात, राज्यानं त्यांच्या मागे उभं राहावं. आज क्रम उलटला आहे. योजना वरून येते, नाव वरून येतं, ॲप वरून येतं. स्वाधार आणि उज्ज्वला ही निवारा योजनांची नावं सवयीची झाली तोवर मिशन शक्तीत ती ‘शक्ती सदन’ झाली. दर बदलाला संस्थेनं पाटी रंगवायची, करार नव्यानं करायचा, आणि मागच्या अनुदानाची वाट पाहायची.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यामुळे हा सगळा विषय माझ्या मनात रुतून बसला. ती अंगणवाडीतल्या आहाराची आहे.

अन्नाच्या अधिकाराचा खटला पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेनं २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला. त्यात ७ ऑक्टोबर २००४ ला न्यायालयानं आदेश दिला, की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नको; हे काम शक्यतो गावचा समाज, बचत गट आणि महिला मंडळं यांच्यामार्फत व्हावं. किती मोठी गोष्ट होती ही! बाळाच्या ताटात काय पडेल ते गावातली बाई ठरवणार, धान्य जवळच्या बाजारातून घेणार, आणि त्या कामाचे पैसे तिच्या हातात राहणार. आपल्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर मंगळवेढ्याची ज्वारी अंगणवाडीच्या ताटापर्यंत पोचण्याची वाट त्या आदेशात होती.

झालं वेगळंच. घरी न्यायच्या पाकीटबंद आहाराचं काम महाराष्ट्रात बहुतांश ठिकाणी तीन मोठ्या महिला सहकारी संस्थांकडे गेलं. नावात ‘महिला’ होतं, नोंदणी सहकारी कायद्याखाली होती, कागद चोख होते. न्यायालयानं नेमलेल्या आयुक्तांच्या कार्यालयानं २०१२ च्या अहवालात या संस्थांचे धागे खासगी कंपन्यांशी कसे जुळलेले आहेत ते मांडलं. ठेकेदाराला मागच्या दारानं आत घेण्यासाठी महिला मंडळाचा पदर वापरला गेला, असा त्या अहवालाचा रोख होता. मार्च २०१६ मध्ये राज्यानं नवी निविदा काढली. राज्यातले ५५३ बालविकास प्रकल्प मोठमोठ्या गटांत बांधले, आणि अटी अशा ठेवल्या की गावातल्या बचत गटाला दारातच अडकावं. वैष्णोराणी महिला बचत गट आणि त्यांच्यासारखे गट न्यायालयात गेले. २६ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं ती निविदा रद्द केली.

या निकालाला मी समानतेच्या कायद्यातला निकाल मानतो, जरी त्यात चर्चा निविदेच्या अटींची असली. ‘महिलांना प्राधान्य’ असं धोरणात लिहिलं की काम संपत नाही. कुठल्या महिलांना, हा प्रश्न उरतो. उलाढालीची अट, अनामत रकमेची अट, यंत्रसामग्रीची अट : यांतली एकही अट स्त्री-पुरुष असा भेद करत नाही. तरीही ती नेमकी त्या बाईला वगळते जिच्या नावावर जमीन नाही, तारण नाही, आणि जिच्या गटाची सगळी ठेव तिच्या महिन्याच्या शंभर-दोनशे रुपयांच्या बचतीतून साठली आहे.

संविधानाच्या कलम १५ (३) नं राज्याला स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा दिली आहे. १९५३ मध्येच मुंबई उच्च न्यायालयात दत्तात्रय मोरे खटला आला होता. नगरपालिकेत स्त्रियांसाठी राखीव जागा म्हणजे पुरुषांवर अन्याय, असा दावा होता. मुख्य न्यायमूर्ती छागलांनी तो फेटाळला. म्हणजे स्त्रियांच्या संस्थेला वेगळी वागणूक देणं कायद्याला मान्य आहे, हा प्रश्न सत्तर वर्षांपूर्वी मिटला. १९९४ मध्ये देशातलं पहिलं महिला धोरण महाराष्ट्रानं आणलं, त्याच वर्षी मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा हक्क दिला, पुढे २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा दिल्या. चौथं महिला धोरण २०२४ चं. धोरणं देण्यात हे राज्य कधी मागे राहिलं नाही, आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे. अडतं ते अटींच्या पानावर.

अटींच्या पानावर बायका काय करू शकतात, याचं उदाहरण आमच्या शेजारी आहे. माळशिरसला लागून असलेल्या माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना सिन्हा यांनी गावातल्या बायकांची सहकारी बँक काढायचं ठरवलं. १९९६ मध्ये रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला, कारण प्रवर्तकांतल्या अनेकींनी अंगठे केले होते. बायका साक्षरता वर्गात बसल्या, सही करायला शिकल्या, काही महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आम्हाला व्याजाचे हिशेब विचारा, आम्ही तोंडी करतो. तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय करायला सांगा. १९९७ मध्ये माणदेशी बँक सुरू झाली. प्रत्येक गटाच्या मागे चेतना सिन्हा नसतात, एवढंच.

कागदपत्रांची वाट याच दरम्यान अरुंद होत गेली. संस्था १८६० च्या कायद्याखाली नोंदवायची, मग सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज, आणि तो मंजूर होईपर्यंत बँकेत सह्यांचा घोळ. २०२१ पासून आयकरातली सवलतही ठरावीक मुदतीची झाली, दर पाच वर्षांनी नूतनीकरण आलं; २०२५ मध्ये लहान संस्थांसाठी ती मुदत दहा वर्षं झाली, हा मोठा दिलासा. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि एका संस्थेनं मिळालेला असा पैसा दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. परदेशाचं नावही न घेणाऱ्या तालुक्यातल्या मंडळाला मोठ्या संस्थेकडून जो पाझर मिळायचा, तो इथे आटला. हिशेब द्यायलाच हवा, याबद्दल कुणाचं दुमत नाही. पण तालुक्याच्या गावी सीए शोधणारी संस्था आणि मोठ्या शहरात कायदेतज्ज्ञ ठेवणारी संस्था यांना एकच मोजमाप लावलं, की पहिली दमते. चंद्रिका चौहान यांच्या उद्योगवर्धिनीसारखी संस्था सोलापुरात शिवणकामापासून खाद्यपदार्थांपर्यंत बायकांना कामाशी जोडते. अशा कामात समाजसेवा कुठे संपते आणि व्यवसाय कुठे सुरू होतो हे ठरवण्यावर आयकराच्या कायद्यात पानंच्या पानं आहेत. त्या कामावर किती घरं चालतात, याचा रकाना मात्र त्यात नाही.

पुन्हा कुंभारीच्या गल्लीत येतो. २८ जून २०२४ ला मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय निघाला, आणि पुढे वयाची मर्यादा वाढून तो असा झाला : २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बाईला महिन्याला १५०० रुपये. त्या पावसाळ्यात राज्यभरात अर्ज भरले ते कुणी? अंगणवाडीच्या सेविकांनी, बचत गटांच्या सीआरपींनी. आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळवत, नेटवर्क मिळेल त्या ओट्यावर बसून, रात्री उशिरापर्यंत. मोबदला ठरला तो पात्र ठरणाऱ्या अर्जामागे ५० रुपये.

पात्र ठरणाऱ्या अर्जामागे. भरलेल्या अर्जामागे नव्हे. कागद वर गेला, तिथे तपासला गेला, त्रुटी निघाली, परत आला, तर त्या कष्टाचे पैसे नाहीत. विडी कारखान्यात याला छाट म्हणतात. आणि छाट काढण्याचा हक्क ज्याच्याकडे, त्याच्याच देखरेखीखाली ते काम चालतं, असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये या कुंभारीतल्या आयांसारख्याच बायकांसाठी सांगून ठेवलं आहे. तो युक्तिवाद सीआरपीसाठी, आहार शिजवणाऱ्या गटासाठी, स्थानिक समितीवरच्या सदस्येसाठी अजून कुणी पुरता लढवलेला नाही. लढवायला हवा. महिला संघटनांनी इतरांसाठी आजवर इतके खटले लढवले. हा एक त्यांनी स्वतःसाठी लढवावा.

विडी आता उतरणीला लागली आहे. मुलींनी सुपापाशी बसू नये, असं वळणाऱ्या आयांनाच वाटतं. त्यांच्या पाठी आणि फुप्फुसं बघितली की ते खरंही वाटतं. मुली बारावी करतात, एमएससीआयटी करतात आणि गटाच्या कामात, योजनेच्या कामात शिरतात. गल्लीत त्यांना ‘मॅडम’ म्हणतात, आणि आईच्या डोळ्यांत त्याचं कौतुक मावत नाही. आईच्या ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं विडी कामगाराचं ओळखपत्र आहे आणि पीएफचे कागद आहेत. मुलीच्या मोबाइलमध्ये सकाळपासून ग्रुपवर आलेले सतरा संदेश आहेत : आजच्या आज माहिती भरावी, फोटोसह.